कुपोषण निवारण, लोकाधारित : महाराष्ट्रातील प्रयत्न

पाच वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्यातील कुपोषण रुग्णालयाबाहेर, गाव, पाडा वा वस्ती यांच्या स्तरावर आणि तेथील रहिवाशांच्याच सहभागाने कमी करण्यासाठी केलेल्या संघटित प्रयत्नांना ‘लोकाधारित कुपोषण निवारण’ असे म्हणतात. अन्नवाटप हे या प्रयत्नांचे एक अंग होय; परंतु केवळ अन्नवाटप म्हणजे कुपोषण निवारण नव्हे. बालकांचे नियमित वजन घेणे, वाढ खुंटलेले मूल वेळीच ओळखणे, मातेला आहाराविषयी मार्गदर्शन करणे, जुलाब व न्यूमोनिया यांसारख्या विकारांवर गावातच उपचार करणे आणि हे सर्व काम गावातील एका प्रशिक्षित स्त्रीकडे सोपविणे, ही त्यांची प्रमुख लक्षणे आहेत. महाराष्ट्रात या प्रयत्नांचा इतिहास सु. अर्धशतकाहून अधिक काळाचा असून त्यांतील काही प्रयोगांचा प्रभाव राष्ट्रीय धोरणावर पडलेला आहे.

पार्श्वभूमी : भारतातील पोषणविषयक संशोधनाचा आरंभ १९१८ मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांच्या प्रयोगशाळेत झाला. ही संस्था पुढे हैदराबाद येथे हलविण्यात आली (१९५८) व राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्ध झाली. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (सध्याचे घाना) येथील बालकांमध्ये आढळणाऱ्या सूजयुक्त कुपोषणाचे वर्णन केले. तेथील लोकभाषेतील नावावरून तो विकार ‘क्वाशिओरकोर’ (सुजवटी) या संज्ञेने ओळखला जाऊ लागला. मूल झिजून हाडांचा सापळा होतो, त्या प्रकारास ‘मरॅस्मस’ (सुकटी) म्हणतात.

यानंतरच्या काळात बालकुपोषणाचे मूळ कारण प्रथिनांची उणीव हेच होय, असा समज जगभर दृढ झाला आणि प्रथिनयुक्त भुकट्या, माशांचे पीठ, डबाबंद आहार यांवर भर दिला गेला. या समजास आव्हान देणाऱ्यांत हैदराबादचे सी. गोपालन आणि सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११–९७) हे अग्रगण्य होत. भारतीय मुलाच्या नेहमीच्या तृणधान्य-कडधान्याच्या आहारात प्रथिनांचे प्रमाण सहसा अपुरे नसते. एकूण आहारच अपुरा पडल्याने शरीर त्या प्रथिनांचा उपयोग इंधनासारखा करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विचाराचा व्यावहारिक अर्थ फार मोठा होता. महागडे औषधी अन्न नव्हे, तर घरातीलच भात, डाळ, भाकरी, गूळ, शेंगदाणे व तेल मुलाला पुरेसे आणि दिवसातून अधिक वेळा दिले, तर बहुसंख्य मुलांचे कुपोषण टळू शकते. उपाय घरातील असल्याने तो अंमलात आणणारी व्यक्तीही घराजवळची असावी, हे त्यातून ओघानेच आले.

निदानाचे साधनही याच सुमारास सुलभ झाले. नायजेरियातील खेड्यांत काम करणारे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ली यांनी मुलाच्या वजनाची नोंद महिन्यागणिक करण्यासाठी साधा आलेख प्रचारात आणला. एका दिवसाच्या वजनापेक्षा आलेखावरील रेषा चढती आहे की उतरती, हे पाहणे अधिक महत्त्वाचे, हे त्यामागील सूत्र होय. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२ मध्ये वयानुरूप अपेक्षित वजनाच्या टक्केवारीवर आधारित कुपोषणाच्या चार श्रेणी ठरविल्या. त्यांपैकी तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील बालके तीव्र कुपोषित मानली जात. कुपोषित मुलाच्या शोधासाठी दंडाचा घेर मोजण्याची पट्टीही वापरात आली. अक्षरओळख बेताची असलेल्या स्त्रीलाही ही साधने हाताळता येत.

अंगणवाडीचा उगम : पुढे सर्व देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या कल्पनेचा उगम ठाणे (सध्याचा पालघर) जिल्ह्यात झाला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी ते कोसबाडच्या टेकडीवर दीर्घकाळ चालविले. दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे आढळल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, खाऊ देणे ही कामे तेथे शिक्षणाचाच भाग मानली जात. या प्रयोगाचा मुख्य उद्देश शैक्षणिक असला, तरी सेवा लाभार्थ्याच्या दारापर्यंत गेली पाहिजे, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले.

दुष्काळ व जामखेड प्रकल्प : १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो कुटुंबे दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी ‘सुकडी’ नावाचा कोरडा पौष्टिक आहार वाटण्यात आला आणि आयात केलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवर अनेक घरांनी दिवस काढले. तातडीची गरज म्हणून हे अन्नवाटप अपरिहार्य होते. तथापि दुष्काळ सरल्यावरही मुलांचे कुपोषण सरत नाही, हा अनुभव ग्रामीण भागात काम करणाऱ्यांना त्यातून आला.

या दुष्काळाच्या तोंडावर, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–९९) या दांपत्याने अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोर येथील वैद्यकीय शिक्षणानंतर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला होता. तेथील त्यांचे मार्गदर्शक कार्ल टेलर यांचा पंजाबातील नारंगवाल येथील पोषण व बालआरोग्यविषयक प्रयोग (१९६७–७४) याच काळातील होय.

आरंभी प्रकल्पाने गावोगाव प्रशिक्षित परिचारिका पाठविल्या. त्या शहरात शिकलेल्या, अविवाहित व परगावच्या असल्याने गावात त्यांचे बस्तान बसले नाही आणि अनुभवी सासवांपुढे त्यांच्या सांगण्याला वजन येईना. तेव्हा गावातीलच स्त्रीला हे काम शिकवावे, असा विचार पुढे आला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक निरक्षर होत्या व अनेकजणी दलित समाजातील होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत आणि प्रशिक्षण घेऊन परत जात. ज्यांच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, त्यांच्याच सल्ल्याने गावातील बाळंतिणी व मुले जगू लागली. या प्रकल्पाने घडविलेला हा सर्वांत खोल बदल मानावा लागेल.

पोषणाच्या कामाला गावातील तरुण शेतकरी मंडळांची जोड मिळाली. वजन करून मुले निवडणे, सामुदायिक स्वयंपाकघरात त्यांना जेवण देणे व त्यासाठी लागणारे धान्य गावातच पिकविणे, अशी कामे या मंडळांनी अंगावर घेतली. पाण्यावाचून धान्य पिकत नाही, हे ध्यानात आल्यावर विहिरी व कूपनलिका यांना प्राधान्य देण्यात आले. कूपनलिकांच्या जागा ठरविताना त्या दलित वस्तीत वा तिच्या लगत येतील याची दक्षता घेण्यात आली. त्यामुळे इतरांनाही पाण्यासाठी तेथेच यावे लागले. पुढे महिला मंडळे स्थापन झाली आणि घरात स्त्रीने शेवटी व उरलेले खाण्याची रीत, गरोदरपणी कमी खाण्याविषयीचा समज, बाळाला पहिला चीक न पाजणे, यांसारख्या विषयांची उघड चर्चा होऊ लागली. गरोदर स्त्रीने भरपेट खाल्ल्यास मूल फार मोठे होऊन बाळंतपण अडेल, अशी भीती सर्वत्र होती. स्वतः पोटभर खाऊन सुखरूप बाळंत झालेल्या आरोग्य कार्यकर्तीचे उदाहरण व्याख्यानापेक्षा अधिक परिणामकारक ठरे.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्याच्या क्षेत्रातील अर्भक मृत्युमान १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते. ते १९९३ पर्यंत १९ वर आले. याच अवधीत कमी वजनाच्या बालकांचे प्रमाणही सु. ४० टक्क्यांवरून सु. ५ टक्क्यांवर उतरले. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रामोन मागसायसाय पारितोषिक देण्यात आले. प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या आंतरराष्ट्रीय चर्चेत जामखेडचा उल्लेख तेव्हापासून सातत्याने आढळतो.

कासा येथील प्रयोग : याच दशकात डहाणू तालुक्यातील कासा येथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आदिवासी क्षेत्रात बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शाह यांच्या मार्गदर्शनाखाली माता-बाल आरोग्य व पोषण यांचा प्रकल्प राबविण्यात आला. गावातील अर्धवेळ कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन धोक्यातील मुले शोधावीत व त्यांच्यावर शक्यतो घरीच, घरच्या अन्नाने उपचार करावेत, अशी त्याची पद्धती होती. रुग्णालयात दाखल केलेल्या मुलासोबत आईला राहावे लागते. तिची मजुरी बुडते आणि घरातील इतर मुले उपाशी राहतात. शिवाय सुधारून परतलेले मूल त्याच परिस्थितीत पुन्हा कुपोषित होते. गृहोपचारामुळे हे दुष्टचक्र काही अंशी तोडता येते, हे या प्रकल्पाने दाखविले.

एकात्मिक बालविकास सेवा योजना : केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत ही योजना सुरू केली. अमरावती जिल्ह्यातील धारणी हा त्यांपैकी एक होय. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एकाच केंद्रातून देण्याची ही योजना होती. साधारणपणे एक हजार लोकवस्तीमागे एक व आदिवासी भागात सातशे लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असावी, असे प्रमाण ठरले. मुलाला दररोज ३०० उष्मांक आणि ८ ते १० ग्रॅ. प्रथिने देणारा पूरक आहार द्यावा असा निकष होता. २००९ मध्ये तो ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅ. प्रथिने असा वाढविण्यात आला.

अंगणवाडी सेविकेला आरंभी शिक्षणानुसार दरमहा १०० वा १५० रु. मानधन मिळे. तिला शासकीय कर्मचारी न मानता मानसेवी कार्यकर्ती मानण्यात आले. लोकसहभागाच्या नावाखाली स्त्रियांच्या श्रमाचे अवमूल्यन झाले, अशी टीका यावर सातत्याने होत आली आहे. सेविकांच्या संघटनांनी त्यासाठी अनेक आंदोलने केली. त्यांना उपदान कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.

योजनेच्या कार्यपद्धतीतही काही उणिवा होत्या. तीन ते सहा वर्षांची मुले पायी अंगणवाडीत येत, म्हणून आहार प्रामुख्याने त्यांनाच मिळे. कुपोषणाचा खरा आघात मात्र सहा महिने ते दोन वर्षे या वयात, आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू होण्याच्या काळात होतो. तमिळनाडूत १९८० मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक पोषण प्रकल्पाने सहा ते छत्तीस महिन्यांच्या मुलांवर लक्ष केंद्रित केले आणि वजन घटणाऱ्या मुलांनाच ठराविक मुदतीपुरता आहार दिला. महाराष्ट्रात या वयोगटाकडे धोरणात्मक लक्ष जाण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

मेळघाट व बालमृत्यूंची गणना : धारणी हा योजनेचा एक आद्य प्रकल्प असूनही १९९३ मध्ये धारणी व चिखलदरा या तालुक्यांतील, म्हणजेच मेळघाटातील, कोरकू बालकांच्या मृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. वृत्तपत्रांनी हा प्रश्न लावून धरला आणि तो उच्च न्यायालयातही गेला. पावसाळ्यात वाटा बंद होतात, घरातील धान्य संपलेले असते, शेतीच्या कामांमुळे आईला घरी थांबता येत नाही आणि नेमके याच काळात जुलाब, हिवताप व न्यूमोनिया बळावतात. अशा अनेक कारणांच्या एकत्रित परिणामाने हे मृत्यू होत होते. राज्य शासनाने आदिवासी भागासाठी १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना सुरू करून आरोग्य, पोषण, रोजगार व धान्यपुरवठा यांच्या समन्वयाचा प्रयत्न केला. बैरागड येथे राहून काम करणारे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने वैद्यकीय सेवेबरोबरच शेतीसुधारणा व शिधावाटप यांकडेही लक्ष पुरविले. कुपोषणाचे मूळ दवाखान्याबाहेर आहे, याचीच ती पावती होय.

मृत्यूचे कारण ‘कुपोषण’ की ‘आजार’, हा वाद या काळात पुनःपुन्हा उपस्थित झाला. वैद्यकीय दृष्ट्या हे दोन पर्याय परस्परविरोधी नाहीत. कुपोषित मूल बहुधा एखाद्या संसर्गाने दगावते. तो संसर्ग सुपोषित मुलाला सहसा मारत नाही. मात्र नोंदवहीत केवळ न्यूमोनिया वा जुलाब असे कारण लिहिले गेल्याने कुपोषण आकडेवारीतून अदृश्य होई. याहून गंभीर बाब म्हणजे, अनेक मृत्यूंची मुळात नोंदच होत नसे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने केलेल्या व ‘कोवळी पानगळ’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही त्रुटी चव्हाट्यावर आणली. त्यानंतर शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. गावातील जन्म-मृत्यूची खरी मोजणी ही कुपोषण निवारणाची पहिली पायरी होय, ही जाणीव या घडामोडींतून रुजली.

गडचिरोलीतील नवजात बालसेवा : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात कार्य सुरू केले. तेथे जन्मणाऱ्या बालकांपैकी सु. ४२ टक्के बालकांचे जन्मवजन अडीच किग्रॅ. पेक्षा कमी असल्याचे त्यांच्या अभ्यासात आढळले. कुपोषण जन्मानंतर नव्हे, तर गर्भाशयातच सुरू होते, हाच त्याचा अर्थ होय. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी (आरोग्यदूतांनी) घरी जाऊन बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानास साहाय्य करणे व जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, अशी पद्धती त्यांनी बसविली. १९९३ पासून ३९ गावांत झालेल्या या प्रयोगात, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युमान सु. ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीवर आधारलेली गृहाधारित नवजात बालसेवा २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर सुरू करण्यात आली.

न्यायालयीन आदेश व राज्याचे अभियान : अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी, असा आदेश दिला. पूरक आहाराच्या पुरवठ्यातून ठेकेदारांना वगळावे (२००४) व योजना सार्वत्रिक करावी (२००६), असे आदेशही पुढे देण्यात आले. यामुळे महिला बचत गटांना आहार शिजविण्याचे काम मिळाले. तथापि मोठ्या पुरवठादारांचा शिरकाव पूर्णतः थांबला नाही. महाराष्ट्रातील घरपोच आहाराच्या निविदा अटींचा वाद २०१९ मध्येही सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता.

राज्य शासनाने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान स्थापन केले. युनिसेफचे त्यास साहाय्य होते. प्रथम आदिवासीबहुल जिल्ह्यांत व नंतर इतरत्र त्याने काम केले. महिला व बालविकास आणि सार्वजनिक आरोग्य या दोन विभागांतील दरी बुजविणे आणि प्रत्येक मुलाचे वजन खरोखर घेतले जाईल हे पाहणे, ही त्याची मुख्य उद्दिष्टे होती. अचूक वजनामुळे आरंभी कुपोषितांचा आकडा फुगतो व अधिकाऱ्यांना दोष येण्याची भीती वाटते, म्हणून तो दडविण्याकडे कल असतो. खरा आकडा देणाऱ्यास शिक्षा होणार नाही, अशी हमी मिळाल्याखेरीज नोंदी सुधारत नाहीत, हा या कामातील महत्त्वाचा धडा होय. तीव्र कुपोषित मुलांसाठी अंगणवाडीतच सु. तीस दिवस चालणारी ग्राम बालविकास केंद्रे भरविण्यात आली. तेथे मुलांना दिवसातून अनेक वेळा थोडा थोडा, उष्मांकयुक्त आहार व औषधोपचार दिला जाई. अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर भर देण्यात आला.

मातेच्या आहाराकडे थेट लक्ष देणारी भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याच्या आदिवासी भागात डिसेंबर २०१५ पासून सुरू झाली. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत व प्रसूतीनंतर पहिले सहा महिने स्त्रीला अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण देण्याची तीत तरतूद आहे. शिधा घरी दिल्यास तो सर्व कुटुंबात वाटला जातो. अंगणवाडीत बसून जेवल्यास तो तिच्याच पोटात जातो, हे या रचनेमागील कारण होय. अन्न शिजविणे व खरेदी यांवर देखरेखीसाठी स्थानिक आहार समित्यांची तरतूद करण्यात आली. निधी वेळेवर न पोहोचणे व वाढत्या किमतींच्या मानाने दर अपुरे पडणे, या तिच्यातील नेहमीच्या अडचणी होत.

मूल्यमापन : दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणाचे प्रमाण राज्यात २००५-०६ मध्ये सु. ३९ टक्के होते. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते सु. २३ टक्के आढळले. या घटीची जगभर दखल घेतली गेली. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांचे चित्र संमिश्र आहे. त्यांनुसार पाच वर्षांखालील मुलांतील खुजेपणा २००५-०६ मधील ४६ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ३४ टक्क्यांवर आला, परंतु २०१९–२१ मध्ये तो ३५ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढाच राहिला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचे प्रमाण तर २००५-०६ मधील सु. १७ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये सु. २६ टक्के झाले व पुढील सर्वेक्षणातही तेथेच राहिले. याउलट अर्भक मृत्युमान २००१ मधील ४५ वरून २०२० मध्ये १६ पर्यंत घटले. मुले जगू लागली, परंतु त्यांची वाढ त्या प्रमाणात सुधारली नाही, असा याचा निष्कर्ष निघतो.

ही विसंगती लोकाधारित कार्याची मर्यादा दाखविते. गावातील प्रशिक्षित स्त्री न्यूमोनिया ओळखू शकते, जुलाबावर उपचार करू शकते व मुलाला काय भरवावे हे आईला पटवून देऊ शकते. मात्र ऊसतोडीसाठी वा वीटभट्टीवर सहा महिने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबापर्यंत ती पोहोचू शकत नाही. लहान वयातील विवाह, रक्तक्षय, शेवटच्या दिवसापर्यंतची मजुरी, दूषित पाणी व घरातील रिकामे मडके यांवरचे उपाय तिच्या हाती नाहीत. जामखेडमध्ये धान्य, पाणी, जात व स्त्रीचे घरातील स्थान यांना एकाच वेळी हात घातला गेला, म्हणूनच तेथील यश टिकाऊ ठरले. शासकीय योजनांनी त्या प्रयोगातील कार्यकर्ती उचलली. परंतु तिच्या पाठीशी उभे असलेले गाव त्यांना सर्वत्र उभे करता आले नाही. वजनकाटा, तक्ता व आहार यांच्याइतकीच गावाची ही जबाबदारी आवश्यक आहे, हे महाराष्ट्रातील पन्नास वर्षांच्या अनुभवाचे सार म्हणता येईल.